मुंबईचा टाऊन हॉल : वास्तूची उसनवारी आणि तिचे आत्मसात्करण

१

मुंबईच्या कोट विभागात हॉर्निमन सर्कलच्या पूर्वेस उभ्या असलेल्या टाऊन हॉलविषयी जे अभिप्राय सामान्यतः व्यक्त होतात, त्यांचे दोन वर्ग पाडता येतात. पहिला अभिप्राय असा की, ही वास्तू म्हणजे ग्रीक देवालयाची एक नक्कल आहे. तिचा या भूमीशी, येथील हवेशी वा येथील माणसांशी काहीही संबंध नाही. दुसरा अभिप्राय याच्या अगदी उलट दिसतो. त्यानुसार हिंदुस्थानात उभारल्या गेलेल्या नव-अभिजात शैलीतील इमारतींत टाऊन हॉलचे स्थान फार वरचे असून, तिच्या स्तंभांतील प्रमाणबद्धता व शैलीची शुद्धता यांसाठी ती वाखाणण्यासारखी आहे. एक पक्ष निंदा करतो, दुसरा स्तुती करतो. परंतु थोड्या बारकाईने पाहिले असता दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच असल्याचे लक्षात येते. वास्तूचे मोल तिच्या मूळ नमुन्याशी असलेल्या जवळिकीवरून ठरवावयाचे, हे ते गृहीतक होय. पहिल्याला ही जवळीक खुपते आणि दुसऱ्याला ती सुखावते, एवढाच काय तो फरक.

भाषेच्या अभ्यासकाला हे गृहीतक परिचयाचे आहे. परभाषेतून आलेल्या शब्दांविषयी मराठीत जे वाद झाले, त्यांतही हेच दोन पक्ष आढळतात. उसना शब्द हा भाषेवरील डाग आहे असे एक म्हणतो. तो शब्द मूळ भाषेतल्याप्रमाणेच उच्चारला पाहिजे असे दुसरा म्हणतो. वस्तुतः कोणत्याही उसन्या शब्दाचे भवितव्य या दोहोंपैकी एकाच्याही इच्छेनुसार ठरत नाही. तो शब्द घेणाऱ्या भाषेच्या उच्चारव्यवस्थेत कसा बसतो, त्याला लिंग कोणते मिळते, त्याचे सामान्यरूप होते की नाही, आणि अखेरीस त्याचा अर्थ कोणत्या दिशेने सरकतो, यांवर त्याचे भवितव्य अवलंबून असते. हीच दृष्टी टाऊन हॉलच्या वास्तूला लावून पाहिल्यास वरील दोन्ही अभिप्रायांहून वेगळा असा काही निर्णय हाती लागतो काय, हा येथील विचाराचा विषय आहे. ही तुलना कोठवर चालते आणि कोठे थांबते, याचाही विचार ओघाने करावा लागेल. कारण वास्तू ही भाषा आहे असे म्हणणे जितके सोपे, तितकेच ते फसवेही आहे.

२

प्रथम इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट होईल. मुंबईत एखादे नगरसभागृह असावे ही कल्पना सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या मुंबईतील वास्तव्यकाळापासूनची, म्हणजे १८११ च्या सुमाराची आहे. याच मॅकिन्टॉश यांनी १८०४ साली ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही विद्वत्सभा स्थापन केली होती, आणि तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली. सभागृहासाठी द्रव्य उभे करण्याकरिता लॉटरीचा मार्ग अवलंबण्यात आला. तथापि तो पुरा पडला नाही, आणि शेवटी खर्चाचा मुख्य भार ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारवर पडला. बांधकामास १८२१ साली आरंभ झाला व ते १८३३ साली पूर्ण झाले. आराखडा बॉम्बे इंजिनिअर्स या लष्करी दलातील कर्नल टॉमस कूपर यांचा. कूपर १८२५ साली निवर्तले, त्यामुळे काम इतर अभियंत्यांनी तडीस नेले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कूपर हे लष्करी अभियंता होते, व्यवसायाने वास्तुशिल्पी नव्हते. त्या काळातील कंपनीच्या अनेक इमारती अशाच अभियंत्यांच्या हातून उभ्या राहिल्या. जवळची टांकसाळ (१८२४-२९) मेजर जॉन हॉकिन्स यांनी आयोनिक स्तंभांचा मुखमंडप देऊन बांधली, ती याच कालखंडात. स्टुअर्ट आणि रेव्हेट या जोडीने अथेन्समधील प्राचीन वास्तूंची मोजमापे घेऊन जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचा पहिला खंड १७६२ साली प्रसिद्ध झाला होता. आणि त्यानंतर ग्रीक शैलीची जी लाट इंग्लंडात उसळली, तिचे पाणी काही दशकांनी मुंबईच्या किनाऱ्यास लागले. म्हणजे ज्यांनी टाऊन हॉल रचला त्यांनाही ही शैली मातृभाषेप्रमाणे लाभलेली नव्हती. ती त्यांनी ग्रंथांवरून शिकलेली होती. अथेन्सपासून लंडन, आणि लंडनपासून मुंबई, अशी ही दुहेरी उसनवारी आहे. नकलेचा आरोप करणारे आणि शुद्धतेची प्रशंसा करणारे, या दोघांनीही हे पहिले अंतर सहसा हिशेबात घेतलेले नसते.

३

आता वास्तूच्या रचनेकडे वळू. पश्चिमाभिमुख दर्शनी भागाच्या मध्यावर आठ डोरिक स्तंभांचा मुखमंडप आहे. त्याच्यापुढे सुमारे तीस पायऱ्यांचा रुंद सोपान रस्त्यापर्यंत उतरत येतो. दोन्ही बाजूंस इमारतीच्या भुजा पसरल्या आहेत. मुख्य सभागृह व ग्रंथालयाची दालने वरच्या मजल्यावर आहेत. तळमजला पायऱ्यांच्या उंचीमुळे दर्शनी बाजूस जोत्यासारखा भासतो.

या वर्णनावरून ‘ग्रीक देवालयाची नक्कल’ हे शब्द किती सैल आहेत ते स्पष्ट होईल. स्तंभ ग्रीक आहेत, यात वाद नाही. परंतु ग्रीक देवालयाचे जोते हे साधारणतः तीन पायऱ्यांचे असते आणि त्या पायऱ्या चारही बाजूंनी फिरतात; त्यांची उंची देवालयाच्या आकाराशी प्रमाणबद्ध असते, माणसाच्या पावलाशी नव्हे. याउलट उंच जोते, आणि केवळ पुढच्या बाजूस उतरणारा, माणसाला चढता येईल असा सोपान, ही रोमन देवालयाची रचना होय. सभागृहाच्या आतील स्तंभ तर कॉरिन्थियन धाटणीचे आहेत. म्हणजे बाहेरचा शब्दसंग्रह एका परंपरेतला, वाक्यरचना दुसरीतली आणि आतली शैली तिसरीच. एखाद्या ग्रंथपंडिताच्या दृष्टीने हा संकर आहे. परंतु येथील गरजांच्या दृष्टीने पाहिल्यास या संकराला कारण सापडते. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात ग्रंथ, हस्तलिखिते व सभास्थान जमिनीच्या ओलीपासून वर उचलणे शहाणपणाचे होते. आणि खाली कचेऱ्यांना जागाही मिळत होती. उंच जोत्याचा स्वीकार केल्यावर रोमन सोपान ओघानेच आला.

हवामानाशी झालेली दुसरी तडजोड अधिक बोलकी आहे. पश्चिमेचे तिरपे ऊन आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस या दोहोंपासून बचाव करण्यासाठी खिडक्यांवर लाकडी झिलमिलींचे छज्जे बसविलेले आहेत. अथेन्समध्ये अशा छज्ज्याचे प्रयोजन नव्हते. मुंबईतल्या कोणत्याही घराला ते होते. डोरिक स्तंभांच्या शेजारी हे छज्जे पाहताना शुद्धतावादी समीक्षकाला अवघडल्यासारखे होते. तथापि या छज्ज्यांवाचून आतल्या दालनात दुपारी बसणे कठीण झाले असते. मुखमंडपाची खोल सावलीही याच न्यायाने पाहिली पाहिजे. वाड्याच्या ओसरीचे जे काम, तेच काम येथे आठ स्तंभांमागची जागा करते. उन्हातून आलेल्या माणसाला आत शिरण्यापूर्वी डोळे निवविण्यास ती अवकाश देते.

तिसरा तपशील स्तंभांचाच आहे. हे स्तंभ इंग्लंडमधून जहाजाने आणविले गेले. मूळ योजनेत ते जोडीजोडीने उभारावयाचे होते. परंतु प्रत्यक्ष आल्यावर त्यांचा आकार अपेक्षेहून फार मोठा ठरला, तेव्हा जोड्यांऐवजी एकेकच स्तंभ उभारण्यात आला आणि उरलेले स्तंभ भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चच्या कामी लावण्यात आले, असे या वास्तूच्या इतिहासात नमूद आहे. विनोदाचा भाग सोडला तरी या घटनेत विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या साधेपणामुळे टाऊन हॉलच्या दर्शनी भागाची ‘अभिजात संयम’ म्हणून प्रशंसा केली जाते, त्यातला काही अंश हिशेबाच्या चुकीतून आलेला आहे. कलाकृतीच्या गुणाचे मूळ नेहमी कर्त्याच्या हेतूतच शोधावे, या सवयीला हे उदाहरण चांगला धक्का देते.

४

मराठी व्याकरणाने शब्दांचे जे वर्ग मानले आहेत, ते येथे उपयोगी पडण्यासारखे आहेत. मूळ रूपात बदल न होता आलेला तो तत्सम, बदल होऊन आलेला तो तद्भव, आणि ज्याची पाळेमुळे येथल्याच मातीत आहेत तो देशी. संस्कृतच्या संदर्भातील ही परिभाषा थोडी ताणून वापरल्यास असे म्हणता येईल की, टाऊन हॉलचे स्तंभ तत्सम आहेत; जोते, छज्जे आणि मुखमंडपाची सावली ही तद्भव आहेत. देशी म्हणावे असे या वास्तूत बांधणीच्या वेळी काहीही नव्हते. ते पुढे आले, आणि कोठून आले ते यथाक्रम पाहू.

येथवर तुलना ठीक चालते. परंतु एका ठिकाणी ती अडखळते, आणि ते ठिकाण टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. शब्दाची उसनवारी करणारा तो शब्द स्वतः बोलतो. तो नको असल्यास बोलणारा दुसरा शब्द वापरू शकतो. पुरेशा लोकांनी तो टाकला तर तो मरतो. इमारतीचे तसे नाही. १८३३ साली मुंबईतल्या ज्या लोकांच्या डोळ्यांसमोर हे स्तंभ उभे राहिले, त्यांनी ते मागितले नव्हते, आणि नापसंत असले तरी ते नाहीसे करण्याचे सामर्थ्यही त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून आरंभीच्या अवस्थेला उसनवारी हे नाव देणे बरोबर नाही. ती राज्यकर्त्यांची स्वतःची भाषा होती, आणि ती त्यांनी दुसऱ्यांच्या गावात मोठ्या आवाजात उच्चारली होती.

यावर असे उत्तर संभवते की, मराठीतील फारसी शब्दही सत्तेच्याच वाटेने आले. ते खरे आहे. शिवकालात ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी व्यवहारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा जो उपक्रम झाला, त्यामागे हीच जाणीव होती. तरीही कागद, जमीन, दुकान, शहर हे शब्द राहिले. आणि आज ते वापरणाऱ्या कोणाच्याही मनात सुलतानी अमलाची आठवण उमटत नाही. यावरून एवढेच सिद्ध होते की, आगमनाच्या प्रसंगी असलेला सत्तेचा संबंध हा शब्दाच्या पुढील आयुष्याचा अंतिम निर्णय नसतो. तो निर्णय वापराने होतो. परंतु वापर म्हणजे कोणाचा वापर, हा प्रश्न शब्दापेक्षा इमारतीच्या बाबतीत कितीतरी अधिक टोकदार आहे. कारण शब्दाला दार नसते, इमारतीला असते.

५

‘टाऊन हॉल’ या नावाचा वाच्यार्थ नगराचे सभागृह असा आहे. त्यातले नगर कोणते? या प्रश्नाचे उत्तर देताना त्याच तीन वर्षांतील आणखी दोन घटना शेजारी मांडून पाहणे उद्बोधक ठरते. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत प्रसिद्ध झाला. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दर्पण’ सुरू केले. १८३३ साली टाऊन हॉल पुरा झाला. तिन्ही गोष्टींत दोन समाज एकमेकांसमोर उभे आहेत. कोशात मराठी शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ एका ओळीत येतात. ‘दर्पणा’च्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. टाऊन हॉलच्या आठ स्तंभांत मात्र दुसऱ्या भाषेला जागा नव्हती. कागदावर जी समोरासमोरची मांडणी शक्य झाली होती, ती दगडात झाली नाही.

याचा पुरावा वास्तूच्या रचनेपेक्षा तिच्या वापरात अधिक मिळतो. एशियाटिक सोसायटीचे पहिले हिंदी सभासद माणकजी कर्सेटजी हे निवडले गेले १८४० साली. म्हणजे इमारत पूर्ण झाल्यानंतर सात वर्षांनी, आणि सोसायटीच्या स्थापनेनंतर छत्तीस वर्षांनी. येथील ताम्रपट आणि शिलालेख वाचून त्यांवर सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिण्याचे काम बाळशास्त्री करीत होते, त्या काळात नगराच्या सभागृहात नगरवासीयांचे स्थान हे असे होते. ज्ञानाचा कच्चा माल देणाऱ्यास दालनाचा दरवाजा सहजासहजी उघडत नव्हता.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आल्याचा जाहीरनामा मुंबईत याच सोपानावरून वाचला गेला. त्या प्रसंगी वास्तूच्या रचनेचा खरा अर्थ प्रकट झाला असे म्हणावे लागते. वाचणारा वर आणि ऐकणारा खाली, अशी जी मांडणी तीस पायऱ्यांनी आधीच करून ठेवली होती, तिला त्या दिवशी शब्द मिळाले. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर नगरसभागृह ही या वास्तूची अभिधा, आणि राज्यसत्ता ही तिची व्यंजना होती. १८५८ साली व्यंजना क्षणभर वाच्य झाली.

आतल्या पुतळ्यांचा क्रमही असाच वाचता येतो. प्रथम माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि सर जॉन माल्कम या गव्हर्नरांचे, शिल्पकार चँट्री यांनी घडविलेले पुतळे आले. पुढे सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट यांचे पुतळे त्याच छपराखाली आले. नगर या शब्दाची व्याप्ती वाढत गेल्याची ही नोंद आहे. परंतु ती व्याप्ती ज्यांनी नगराला मोठी दाने दिली त्यांच्यापर्यंतच पोहोचली होती, हेही त्याच नोंदीत वाचावे लागते.

६

मुंबईतील पुढच्या पिढीच्या इमारतींशी तुलना केल्याखेरीज टाऊन हॉलचे वैशिष्ट्य पुरते उमगत नाही. १८६० नंतर कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि नव्या नगराची उभारणी गॉथिक शैलीत झाली. क्रॉफर्ड मार्केट (१८६९), विद्यापीठाचा राजाबाई मनोरा (१८७८), आणि १८८८ साली पूर्ण झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ही त्यांतील ठळक नावे. या इमारतींनी स्थानिक तपशील सढळ हाताने घेतले. बाजाराच्या दारावर लॉकवुड किपलिंग यांनी शेतीभातीची, कामकरी माणसांची शिल्पे कोरली. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांच्या आकृती बसविल्या गेल्या. टर्मिनसच्या भिंतींवर येथील पशुपक्षी व पाने-फुले आली, आणि त्या कामात जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता.

प्रथमदर्शनी या इमारती टाऊन हॉलपेक्षा अधिक देशी वाटतात, आणि समीक्षकांनी तसे वारंवार म्हटलेही आहे. परंतु भाषेतील अनुभव सावधगिरी शिकवितो. परभाषेतले शब्द पुष्कळ घेतले म्हणजे भाषेची प्रकृती पालटतेच असे नाही; आणि एकही शब्द न घेता वाक्यरचना मात्र दुसऱ्या भाषेच्या वळणावर जाऊ शकते. इंग्रजीच्या सहवासात मराठी गद्याचे जे झाले ते या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आहे. शब्द शुद्ध संस्कृत, आणि वाक्याची ठेवण इंग्रजी, असे गद्य गेल्या दीड शतकात कमी लिहिले गेलेले नाही. गॉथिक इमारतींनी स्थानिक शब्द घेतले, परंतु ते शोभेच्या जागी. शेतकरी दारावर कोरला गेला. दाराच्या रचनेत त्याला विचारले गेले नाही. टाऊन हॉलने स्थानिक शब्द एकही घेतला नाही, पण हवा, ऊन, पाऊस यांच्या दडपणाखाली त्याची वाक्यरचना आपोआप किंचित वाकली. दोन्ही प्रक्रिया भिन्न आहेत. पहिली जाणीवपूर्वक व दृश्य असते, म्हणून तिचे कौतुक होते; दुसरी अजाणता व अदृश्य असते, म्हणून ती दुर्लक्षित राहते. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हापासून तर मुंबईच्या वास्तुविचारात हे दोनच अध्याय आहेत असा समज बळावण्याचा धोका आहे. टाऊन हॉल हा त्यांच्या आधीचा अध्याय आहे, आणि त्याची भाषा निराळी आहे.

७

आता त्या देशी घटकाकडे वळता येईल. त्यासाठी वास्तूच्या नावांचा मागोवा घ्यावा लागतो.

एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात ‘टौनहाल’ अशी रूपे आढळतात. इंग्रजीतील दंतमूलीय ध्वनीच्या जागी मराठीने आपला मूर्धन्य ‘ट’ बसविला, आणि परका स्वर आपल्या ‘औ’ व ‘आ’ मध्ये जिरवून टाकला. पुढे इंग्रजी शिक्षण पसरले तसा हा आत्मविश्वास ओसरला. ‘ऑ’ हे नवे चिन्ह रूढ झाले आणि ‘टाऊन हॉल’ हे अधिक ‘शुद्ध’ रूप स्थिरावले. शब्द पुल्लिंगी झाला, परंतु सामान्यरूपाच्या बाबतीत तो अर्ध्यावरच राहिला. ‘बँक’ या शब्दाने बँकेत, बँका अशी रूपे घेऊन मराठीचे संपूर्ण नागरिकत्व पत्करले. ‘हॉल’ मात्र ‘हॉलमध्ये’ याच्या पलीकडे फारसा गेला नाही. ‘नगरभवन’, ‘नगरसभागृह’ हे प्रतिशब्द उपलब्ध होते. या इमारतीला ते चिकटले नाहीत.

त्याऐवजी झाले ते निराळेच. बोलण्यात ही इमारत ‘एशियाटिक’ बनली. जी संस्था तेथे बिऱ्हाडकरू म्हणून आली, तिचे नाव वास्तूला मिळाले. आश्रिताने आश्रयाचे नाव बदलले. आणि त्याहून पुढची पायरी म्हणजे ‘एशियाटिकच्या पायऱ्या’ हा प्रयोग. मुंबईत वाढलेल्या कित्येकांना आतल्या ग्रंथालयाचा पत्ता नसेल, परंतु पायऱ्या ठाऊक असतात. एका अवयवाने संपूर्ण वास्तूची जागा घेण्याची ही प्रक्रिया लक्षणेचे नमुनेदार उदाहरण आहे. आणि ही लक्षणा कोणा कवीने योजिलेली नसून नगराने आपल्या पावलांनी घडविलेली आहे.

या पायऱ्या लोकांनी कशा वाचल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रचनाकाराच्या दृष्टीने त्या चढण्यासाठी होत्या, आणि चढणाऱ्याच्या मनात आदर उत्पन्न करण्यासाठी होत्या. लोकांनी त्या बसण्यासाठी वापरल्या. घराचा ओटा, झाडाभोवतीचा पार, नदीचा घाट या परिचित रूपांत त्यांनी हा सोपान बसविला. कोणतीही वीट न हलविता, कोणाचीही परवानगी न मागता, परकीय वाक्यातला एक शब्द त्यांनी आपल्या अर्थाने उच्चारला. टाऊन हॉलमधील देशी अंश तो हाच. ग्रीक देवालयात लोकांचा मेळावा बाहेरच्या वेदीभोवती होत असे आणि आत मूर्ती असे. टाऊन हॉलची योजना मात्र लोकांनी आत जमावे अशी होती. प्रत्यक्षात आत पुतळे राहिले आणि लोक बाहेर जमले. नक्कल करणाऱ्यांच्या मनात नसलेल्या या एका बाबतीत ही वास्तू आपल्या दूरच्या मूळ नमुन्याशी जुळली, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

८

तथापि येथे थांबून समाधान मानणे योग्य होणार नाही. ओटा हे रूप मराठी माणसाला प्रिय असले, तरी त्याचा इतिहास निर्मळ नाही. ओटा आल्यागेल्याला टेकण्यास जागा देतो. पण याच ओट्याने कित्येकांना कित्येक शतके सांगितले की, येथवर या, याच्या पुढे येऊ नका. काहींना तर ओट्यावरही जागा नव्हती. म्हणून पायऱ्या लोकांच्या झाल्या एवढ्यावरून वास्तू लोकांची झाली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. बाहेर बसण्याचा हक्क आणि आत वाचण्याचा हक्क हे दोन निराळे हक्क आहेत.

दुसऱ्या हक्काची कथा अधिक संथ आहे, परंतु अधिक महत्त्वाची आहे. भाऊ दाजी लाड यांनी कोरीव लेखांवरील आपले संशोधन याच सोसायटीपुढे मांडले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे निबंध तिच्या नियतकालिकात आले. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेले करंडक तिच्या संग्रहात आले. पांडुरंग वामन काणे यांनी तिचे उपाध्यक्षपद भूषविले. दुर्गा भागवत यांच्यासारख्या विदुषीने आपल्या अभ्यासाचे आयुष्य तिच्या ग्रंथांच्या सहवासात घालविले. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही याच वास्तूत आले. ज्या दालनात १८४० पर्यंत एकाही हिंदी माणसाला सभासद म्हणून बसता येत नव्हते, त्या दालनात पुढे धर्मशास्त्राच्या आणि लोकसाहित्याच्या अभ्यासाची साधने येथल्याच विद्वानांच्या हाताखाली आली. सोपानावर बसून लोकांनी वास्तूचा अर्थ पालटला. आत बसून विद्वानांनी तिचे प्रयोजन पालटले. आत्मसात्करण म्हणावयाचे ते या दोन्ही गोष्टींना मिळून. यांपैकी एकच घडली असती तर काम अपुरे राहिले असते.

या विवेचनावरून वास्तूच्या गुणदोषांविषयी काही ठाम विधाने करता येतात. तिचे दर्शनी स्तंभ प्रमाणबद्ध आहेत, परंतु तिचे श्रेष्ठत्व त्यांत नाही. तसे स्तंभ इतरत्रही आहेत. तिचे श्रेष्ठत्व सोपानाच्या रुंदीत आहे, कारण त्या रुंदीमुळेच तो केवळ वाट न राहता जागा बनू शकला. अरुंद जिना असता तर तेथे कोणी बसले नसते. तिचा दोषही तेथेच आहे. सभागृह आणि ग्रंथालय तीस पायऱ्यांच्या वर ठेवून रचनाकाराने वृद्ध, अपंग आणि आजारी वाचकाला दाराबाहेरच अडविले. १८३३ साली तो दोष कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. परंतु ‘सार्वजनिक’ हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो, त्या अर्थाने हा दोष गौण नाही. सत्तेची उंची दाखविण्यासाठी योजिलेली पायरी सत्ता गेल्यावरही आपले काम करीत राहते, हे वास्तूच्या बाबतीत नेहमीच संभवते.

याच विचारातून जतनाचा प्रश्न उपस्थित होतो. जुन्या वास्तूचे जतन म्हणजे तिचा दर्शनी भाग मूळ रूपात आणणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्तंभांवरील चुना, लाकडी फरशी, लोखंडी जिने यांची दुरुस्ती अवश्य व्हावी. ते काम तज्ज्ञांचे आहे. परंतु टाऊन हॉलच्या बाबतीत मूळ रूप म्हणजे १८३३ चे रूप धरले, तर ज्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ही वास्तू नगराची झाली, तीच वर्षे पुसली जातील. शब्दकोशकाराने शब्दाचा केवळ व्युत्पत्त्यर्थ देऊन रूढार्थ वगळावा, तसे ते होईल. पायऱ्यांवर बसणाऱ्यांना उठवून सोपान निर्मनुष्य व स्वच्छ ठेवला, तर छायाचित्र उत्तम येईल आणि वास्तूचा रूढार्थ नाहीसा होईल. ग्रंथालयात वाचक न राहता केवळ प्रेक्षक राहिले, तर दालने शाबूत राहतील आणि प्रयोजन संपेल.

तात्पर्य, टाऊन हॉल ही नक्कल आहे हा आक्षेप आणि ती शुद्ध आहे ही प्रशंसा, दोन्ही सोडून देण्यास प्रत्यवाय नसावा. ती राज्यकर्त्यांची परकी उक्ती म्हणून उभी राहिली. हवेने तिला थोडे वाकविले, वाचकांनी तिला आतून आपलेसे केले आणि वाटसरूंनी तिला बाहेरून नवे नाव दिले. या तीन क्रियांपैकी पहिली पूर्ण झाली आहे. उरलेल्या दोन रोज नव्याने घडाव्या लागतात. शब्द भाषेत टिकतो तो कोशात नोंदला गेल्यामुळे नव्हे, तर कोणीतरी तो उद्याही बोलणार असल्यामुळे. वास्तूलाही हाच न्याय लागू आहे, आणि म्हणून टाऊन हॉलचे मूल्यमापन करताना स्तंभ मोजण्याबरोबर वाचनालयात त्या दिवशी किती वाचक बसले होते आणि ते कोण होते, हेही समीक्षकाने मोजले पाहिजे.